आकाशचं माप

"आवं, आता मी आंघोळ कुठं करू? ह्याच्या मांडीवर बसून?"

मनकर्णाबाईंचा प्रश्न रास्त होता. मोरीतल्या टबात तांब्याचा भलाथोरला बॉयलर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात पाय पसरून बसला होता आणि मधूनमधून बुडबुडे सोडत होता. शेजारी पाटावर कडुबा बसला होता. जुन्या ब्रशानं बॉयलरची पाठ घासत होता.

"शेजारी अमृताकडं जाय."

"तिच्या नळाचा दिवस उद्या हाय."

"मग उद्या कर."

मनकर्णाबाईंनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि दारातून मागं वळल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "लई जोरात घासू नका."

बॉयलर घासायला त्या असं का सांगत होत्या, हे कडुबानं विचारलं नाही.

बॉयलरचं बाकीचं शरीर बाहेरच्या खोलीत दिवाणावर होतं. इटलीत जन्मलेलं, दोन तोंडांचं, हॉटेलात ठेवायचं एस्प्रेसो मशीन. मुकुंदवाडीतल्या दोन खोल्यांत ते मावेल असा एकच दिवाण होता, आणि तो गेल्या आषाढापासून रिकामा होता. त्यावर त्यांचा पोरगा आकाश झोपायचा.

कडुबाचा जन्म पाणीपुरवठ्यात लाईनमन म्हणून गेला. नळाला पाणी आलं ही ज्या शहरात बातमी होते, तिथं लाईनमनची जागा देवाच्या थोडी खाली आणि पोलिसाच्या थोडी वर असते. हातात लांब दांड्याची चावी घेऊन तो गल्लोगल्ली फिरला, वॉल्व्ह उघडले, बंद केले, आणि शिव्या व चहा दोन्ही सारख्याच थंडपणे घेतले. कॉफी मात्र त्यानं आयुष्यात एकदाच प्यायली होती. पोरगा सिडकोतल्या एका कॅफेत कामाला लागला, तेव्हा. बोटभर काळं पाणी समोर आलं. कडुबानं एक घोट घेतला आणि म्हणाला, "आर्धाच कप? आन् लई कडू."

"अण्णा, तुमच्यापेक्षा कमीच हाय," आकाश म्हणाला होता.

कडुबा हे नाव त्याच्या आजीनं ठेवलेलं. आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, तेव्हा तिसऱ्याचं नाव कडू ठेवायचं, म्हणजे मरणानं तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं. युक्ती लागू पडली. पुढं शिकल्यासवरल्या काळात त्यानं स्वतःच्या पोराचं नाव आकाश ठेवलं. त्या नावात थुंकण्यासारखं काही नव्हतं. बीड बायपासवर एका टँकरनं ते सिद्ध केलं.

कॅफेही पुढं बंद पडला. मालक पुण्याला गेला, खुर्च्या कुठं गेल्या ते कुणाला कळलं नाही, मशीन मात्र याह्याच्या दुकानात आलं. याह्या गीझर-फ्रीज दुरुस्त करायचा आणि जे दुरुस्त होत नाही ते भंगारात विकायचा. कडुबाशी त्याची जुनी ओळख, नळाच्या वेळांवरून झालेली. त्यानं फोन केला. "कडुबाभाई, तुमच्या पोराचं मशीन आलंय. तोडू का ठेवू?"

कडुबानं फोन कानापासून लांब धरला. मागून मनकर्णाबाई म्हणाल्या, "तोडू नका म्हणा."

मग त्यांनीच मुदत घालून दिली. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आकाशची पहिली घागर भरायची होती. मेलेल्या माणसाला उन्हाळ्याची तहान लागते, म्हणून आखितीला त्याच्या नावानं पाण्याची घागर भरतात, समोर पान वाढतात. बापाची घागर पोरानं भरायची असते. इथं क्रम चुकला होता, पण त्याला इलाज नव्हता. "त्या दिवशी त्याच्या मशीनची कॉफी ठिवायची पानावर," त्या म्हणाल्या. "रोज पीत होतं पोरगं."

*

बॉयलर बसवायला याह्या स्वतः आला. पाना फिरवताना तो मशीनशीच बोलायचा. "या अल्ला, किती चुना खाल्लास रे बाबा. भाई, ये तुम्हारे नल का पानी है. बाप पानी छोडता, बेटे की मशीन में चुना जमता."

"पाणी धरणाचं. मी नुसता चावी फिरवायचो," कडुबा म्हणाला.

याह्यानं फडकं घेतलं आणि स्टीलची बाजू चकचकीत करायला सुरुवात केली. आतून मनकर्णाबाई धावत आल्या.

"ती बाजू पुसू नका!"

स्टीलवर बोटांचे ठसे होते. चार बोटं आणि अंगठा, टेकून उभं राहिल्यासारखे. ते मालकाचे असू शकत होते, गिऱ्हाइकाचे असू शकत होते, आदल्या दिवशी मशीन उचलून आणणाऱ्या हमालाचे तर नक्कीच असू शकत होते. याह्यानं कडुबाकडं पाहिलं. कडुबानं छताकडं पाहिलं. याह्यानं फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि तेवढी बाजू तशीच राहिली.

वीज जोडली. गल्लीतले पंखे मंदावले. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "कडुबामामा, चक्की लावली का काय घरात?" मशीन तापू लागलं, आणि आतून आवाज आला. झोपलेल्या माणसानं कूस बदलताना दिवाण करकरावा, तसा.

"पत्रा फैलता गरमी से," याह्या घाईघाईनं म्हणाला.

मनकर्णाबाईंनी हात जोडले. त्या दिवसापासून त्या मशीनसमोर हात जोडूनच उभ्या राहत. हात लावत नसत.

*

कॉफीची पूड घेऊन श्रेया आली. ती आकाशबरोबर कॅफेत होती. किती बरोबर होती, हे घरात कुणी तिला विचारलं नव्हतं. ती आली की मनकर्णाबाई तिला आग्रहानं जेवायला घालत, आणि एवढ्यावर सगळं समजून घेतलं जात होतं.

"काका, हे छोट्या कपाचं बटण. दाबायचं आणि लगेच सोडायचं."

कडुबानं दाबलं. पंप गुरगुरला, काळपट धार पांढऱ्या कपात उतरली, वर तपकिरी फेस आला. आणि कप अर्ध्यावर असताना टक् असा आवाज होऊन धार थांबली.

"बंद पडलं," कडुबा म्हणाला.

"नाही काका. हे माप आकाशनं लावलंय." श्रेयाचा आवाज जरा खाली गेला. "मालक म्हणायचे, कप भर, गिऱ्हाईक ओरडतं. हा म्हणायचा, इथून पुढं नुसतं पाणी येतं. मालक जेवायला गेले की हा परत आपलं माप लावायचा. शेवटचं त्याचंच राहिलं. वीज गेली तरी मशीन ते विसरत नाही."

मनकर्णाबाई धार थांबली त्या जागेकडं बघत होत्या. "म्हंजी आता कोणी थांबिवलं? त्यानं?"

"त्यानंच, काकू."

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि साखर आणायच्या निमित्तानं आत गेल्या. श्रेया तेवढ्यात म्हणाली, "फक्त एक करा काका. बटण धरून ठेवू नका. धरलं की दिवे लुकलुकतात. मग हात सोडाल तिथं नवं माप बसतं, जुनं पुसलं जातं."

कडुबानं मान हलवली. वॉल्व्ह त्याला समजत होते. मनकर्णाबाईंना हे सांगायचं मात्र राहिलं. त्या हात कुठं लावत होत्या?

मग रोज सकाळी कडुबा एक बटण दाबू लागला. धार यायची, टक् व्हायचं, तो प्यायचा. तोंड वाकडं व्हायचं, पण साखर घालायचा नाही. जन्मभर पाणी कधी थांबवायचं ते त्यानं ठरवलं होतं. आता दुसरं कुणी ठरवत होतं, आणि दिवसातला तेवढाच क्षण त्या घरात तिघं असत. कप त्यानं घासू दिला नाही. नुसता विसळायचा. आत अर्ध्यावर तपकिरी वळ उमटला.

"घाण दिसतोय," मनकर्णाबाई म्हणत.

"दिसू दे."

*

आखितीला नळ आला. हा योगायोग कडुबालाही पटला नाही. त्यानं नव्या घागरीत ताजं पाणी भरलं, वर खरबूज ठेवलं. पान वाढलं गेलं. पुरणपोळी, आमरस, कुरडई. श्रेया रांगोळीशी होती. कडुबा हात धुवायला मोरीत गेला.

मनकर्णाबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा मशीनला हात लावला. पोराच्या पानावरचं आईनंच वाढायचं. त्यांनी आकाशचा लहानसा स्टीलचा पेला ठेवला, बटण दाबलं, सोडलं. धार आली, टक् झालं.

पेला अर्धाही भरला नव्हता.

"ह्ये काय," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाला आर्धं वाढत नसतात. उपाशी फिरतंय मग."

आणि त्यांनी बटण पुन्हा दाबलं, अंगठ्यानं, घट्ट, दाराची कडी दाबून धरावी तसं.

कडुबा ओल्या हातांनी बाहेर आला तेव्हा दिवे लुकलुकत होते. धार चालू होती. काळ्याची तपकिरी झाली, तपकिरीची पिवळट. श्रेया उठली, तिनं तोंड उघडलं. कडुबानं मान हलवली. नाही. निसटलेलं पाणी पाइपात माघारी जात नाही, एवढं त्याला नोकरीनं शिकवलं होतं.

"बघा," मनकर्णाबाई म्हणाल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा उजळला होता. "काठोकाठ. आता पोट भरंल लेकराचं."

"व्हय," कडुबा म्हणाला. "सोड आता."

त्यांनी अंगठा काढला. टक् झालं.

पान वाढून झाल्यावर सगळ्यांनी डोळे मिटले. श्रेयानं मिटले नाहीत. ती मशीनकडं बघत राहिली आणि जेवताना तिला दोन पोळ्या जास्त वाढल्या गेल्या, त्याही तिनं खाल्ल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कडुबानं विसळलेला पांढरा कप मशीनखाली ठेवला. मशीन तापलं होतं, पण आज आतून आवाज आला नाही. की आला आणि त्याला ऐकू आला नाही, कोण जाणे. त्यानं बटण दाबलं आणि लगेच सोडलं, शिकवल्याप्रमाणं.

धार आली. कॉफी वळापर्यंत चढली. कडुबानं श्वास धरला.

वळ बुडाला. धार येतच राहिली.

"भरला का हो?" मनकर्णाबाईंनी आतून विचारलं. पोळपाटाचा आवाज थांबला होता.

कप काठाला आला तेव्हा टक् झालं.

"भरला," तो म्हणाला, आणि थेंबही सांडू नये म्हणून कप उचलायला त्यानं दोन्ही हात लावले.