तिसरी जोडी

घरच्या माणसाचा नमुना आपण पाहायचा नाही, हा नियम अण्णांनी तीस वर्षं सगळ्या प्रयोगशाळेला पाळायला लावला होता. तरी ताईच्या काढलेल्या डोळ्यातल्या गाठीचा काप लावलेली काच तयार झाली, त्या सकाळी कोणी यायच्या आत त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलीच.

पेशीत तिसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राची जोडी असते. रंग दिला की दोन लाल ठिपके दिसतात. अशा गाठीत एकच दिसला, म्हणजे जोडीतलं एक हरवलं, तर ती पुढे यकृतात पसरण्याचं भय फार.

पहिल्या पेशीत एक. दुसरीत एक. तिसरीतही एकच. चौथीत, पाचवीतही तेच.

"उठा." मागे चिमणी उभी होती. त्यांच्याच हाताखाली तयार झालेली, आता दोन पोरांची आई.

"एकच आहे गं."

"किती मोजल्या?"

"पाच."

"दोनशे मोजल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं मला कोण दरडावायचं? सरका!"

ती बसली. बारीक फोकसचं चाक जरा फिरवलं. "अण्णा, चाकाला हात तरी लावलात का?"

अण्णांनी आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्हींनी टेबलाची कड घट्ट धरली होती. काप जाड असतो, एका ठिपक्याखाली दुसरा दडतो, चाक फिरवलं की वर येतो. नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच तर ते शिकवत!

दुपारपर्यंत चिमणीने दोनशे मोजल्या, मग प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या मुलीने वेगळ्या मोजल्या. जवळजवळ सगळीकडे दोन. थोड्या पेशींत एकच, पण त्या काप घेतानाच अर्ध्या झालेल्या. तेवढ्या सगळ्याच काचांवर असतात. डॉक्टरांनी सही केली आणि म्हणाले, "सांगा आता बहिणीला."

"ताई, जोडी शाबूत आहे," अण्णा फोनवर म्हणाले.

"गाठीची शाबूत, आणि माझ्या डोळ्यांची मोडली! बरा न्याय आहे तुमच्याकडे." मग तिचा आवाज उतरला. "म्हणजे पसरणार नाही ना रे, बाळ्या?"

"भीती बरीच कमी झाली. अजिबात नाही, असं नाही म्हणता येत. दर सहा महिन्यांनी यकृत तपासायचं."

"एवढं खरं बोललास, बरं केलंस. नाक कशाला ओढतोयस?"

"सर्दी झालीय."

"झाली असेल हो. तपासणीला न्यायला तूच ये. तुझी बायको गाडी अशी हाकते की यकृताची पाळी यायच्या आतच जायची मी."