खारट नसलेला खडा

भाकरीचा घास तोंडात गेला आणि आवडाबाईचा जबडा मध्येच थांबला. तिनं जिभेवर काहीतरी घोळवलं, बोटावर काढलं आणि दारातल्या उजेडाकडे धरलं. तांदळाच्या कणीएवढा पांढरा खडा. चुलीपुढे बसलेल्या सुनेनं, तुळसानं, उजव्या हाताचं बोट हळूच मुठीत लपवलं. सकाळपासून ते बोट फुटलेलं होतं.

"मीठ असंल," तुळसाचा नवरा धाकू जेवता जेवता म्हणाला.

आवडाबाईनं खडा पुन्हा जिभेवर ठेवला. कळव्याच्या मिठागरात तिचा जन्म गेलेला. मीठ आपल्या कोंडीत, आपल्या वाफ्यात पिकलेलं की शेजारच्या, ते तिची जीभ सांगायची.

"खारट नाय," ती म्हणाली. आणि मग सावकाश, "जरापन नाय."

तुळसानं मूठ पदराखाली सारली.

बोटांच्या टोकांना त्या टणक गाठी उठून बरेच दिवस झाले होते. कधी एखादी फुटायची, ओल्या खडूसारखं पांढरं बाहेर यायचं, चार दिवस ठणका लागायचा. आळीत कुणाला त्याचं नवल वाटलं नव्हतं. मिठागरातली बाई, अंगात मीठ शिरलं असणार! भगतानं उतारा सांगितला, हिला अळणी जेवण घाला, आतलं मीठ आपोआप निघून जाईल. तेव्हापासून तुळसा दिवसभर डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहायची आणि संध्याकाळी बिनमिठाचा भात गिळायची. गिळताना घास छातीत अडकायचा, पण तिची तक्रार नव्हती. मीठ म्हटलं की कुणी नाक मुरडत नव्हतं.

आता ते मीठ नव्हतं.

आवडाबाईनं ताट सारलं. झोळीतली नात, सगुणा, उचलली. पोर जेमतेम पालथी पडायला लागलेली. तिला घेऊन ती शेजारच्या गोदाच्या दारात गेली. गोदाचंही पोर अंगावर पीत होतं.

"हिला तुज्या पोरासंगती पाज गो. हिचे आयशीला महारोग हाय वाटतं."

"आये, नाय गो!" तुळसा धावत मागे आली. "माजी बोटं दुखतान. म्हारोग्याला दुखत नाय बोलतान!"

"हात लावू नको पोरीला," आवडाबाई म्हणाली. ती रागावलेली नव्हती. घाबरली होती, आणि त्याचंच तुळसाला जास्त भय वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू म्हणाला, "मी आलू असतू, पन आज मिठाची रास उचलाची हाय." तुळसा एकटीच होडीत बसली. खाडी ओलांडून ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात पोचली, तोवर दुधानं चोळी भिजली होती. पदर पुढे ओढून ती ओट्यावर बसून राहिली. ऊन चढलं. कंपाउंडर दोनदा येऊन सरकून बसायला सांगून गेला.

डॉक्टर श्रीपादराव तरुण होते, चष्म्याआडून बघणारे. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि सुई टोचली.

"लागलं?"

तुळसा गप्प. त्यांनी जरा खोल टोचलं. तरी गप्प. डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. मग त्यांना तिच्या मिटल्या डोळ्यांतून ओघळलेलं पाणी दिसलं.

"अगं, लागतंय तर बोलत का नाहीस? ओरड ना!"

"डाक्तरापुढं कनाला ओरडू?"

सगुणा झाली तेव्हाही ती ओरडली नव्हती. पदराचा बोळा दातांत धरला होता. आवडाबाईनं कौतुकानं आळीभर सांगितलं होतं, माजे सुनेचा आवाज उंबऱ्याभायेर गेला नाय.

"तुझ्या त्या गप्प बसण्यानं मी आत्ता महारोग ठरवला असता," श्रीपादराव वैतागून म्हणाले. "तो नाही तुला."

बोटातून निघालेल्या पांढऱ्या चुऱ्यावर त्यांनी तेजाबाचा थेंब टाकला. चुरा फसफसला.

"चुना आहे हा. हाडात असतो ना, तसलाच. तो कातडीत येऊन साठलाय."

"मी पान नाय खात."

"खाण्याचा नव्हे गं. कुणाला जुन्या जखमेच्या जागी साठतो, कुणाची मुळात कातडीच आजारी असते. थंडीत बोटं पांढरी पडतात का तुझी? मग निळी? घास अडकतो?"

हे तुळसाला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"व्हय! पन ह्ये कशानं झालं?"

"ते नाही सांगता येत."

"औशद?"

"फुटलं की धुवायचं, स्वच्छ कापड बांधायचं. हात गरम ठेवायचे. आणि मीठ खा. मिठाचा यात काही संबंध नाही."

"कशानं झालं त्येच नाय कललं, तं घरी काय सांगू?" तिचा आवाज चढला. "माजी पोर दुसरीचे अंगावर हाय!"

श्रीपादरावांनी चष्मा काढून पुसला.

घरी ती आली ती सरळ आवडाबाईपुढे हात पसरून बसली.

"आये, टोच. सुई घे नि टोच."

गोदा सगुणाला घेऊन दारात उभी राहिली. धाकू अंगणात थबकला. आवडाबाईनं गोधडीची सुई काढली आणि टोचली. तुळसा जन्मात पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर आवाज जाईल अशी ओरडली.

"नाटका करतंय," सासू म्हणाली. "तोंड फिरव. डोले मिट. आता सांग."

"करंगली."

"आता?"

"आंगठा. आई गो!"

"आता?"

तुळसा थांबली. वाट बघितली. "आता टोचलंच नाय."

आवडाबाईनं हवेत धरलेली सुई खाली घेतली.

"मंग काय हाय ह्ये?"

"चुना बोलला. हाडातला."

"कशानं?"

"त्यालाबी ठाव नाय."

"मंग कसला डाक्तर तो!" आवडाबाई फणकारली. मग दाराकडे न बघताच म्हणाली, "गोदे, पोरीला आन. नि तू, हाताना फडकी बांद आदी. भाकऱ्या थापाच्या नाय आता. मी थापीन."

"कवापरत?"

आवडाबाईनं जुनं लुगडं फाडायला घेतलं.

फडक्यात गुंडाळलेल्या हातांनी तुळसानं लेकीला कवेत घेतलं. जावळावरून हात फिरवला, पण कापडातून काही लागेना. मग तिनं गालच त्या टाळूवर टेकवला. सगुणा हपापून प्यायली आणि पिता पिताच झोपली.

दिवेलागणीला आवडाबाईनं भाताचं ताट पुढे ठेवलं. कडेला चिमूटभर मीठ होतं. तुळसानं ते उचलायला बघितलं, पण फडकी बांधलेल्या बोटांच्या चिमटीत ते येईना. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा तिनं हात मांडीवर ठेवून दिला.

आवडाबाईनं ताट आपल्याकडे ओढलं. मीठ भातावर पसरलं, आपल्या हातानं नीट कालवलं आणि ताट परत सारलं.

"खा," ती म्हणाली, आणि तोच हात न धुता आपल्या ताटाकडे वळली.