क्रुसावरची खालची ओळ

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं आणि नगरकडचे दामू मास्तर तिथे पाट्या रंगवायला आले. आठवडाभर ‘धोका’ लिहायचं आणि रविवारी बोईसरच्या आपल्या खोलीत ख्रिस्ती मंडळींची उपासना चालवायची. दोन्हीकडे रेघ सरळ. आधी माणसाने विश्वास ठेवायचा, चारचौघांत उभं राहून साक्ष द्यायची, मग देव नवा जन्म देणार, हा क्रम त्यांनी पक्का करून टाकला होता. कोण कुठवर पोचलंय हे त्यांना तोंडपाठ. जणू वरच्या जागांचं वाटप त्यांच्याचकडे होतं.

झिपरू कोळी होडी किनाऱ्याला लावून उपासनेला यायचा आणि मागे बसून पेंगायचा. साक्ष न देताच तो तापाने गेला. त्याच्या कबरीवरच्या लाकडी क्रुसावर मास्तरांनी नाव, साल लिहिलं; विश्वासात गेलेल्यांसाठीची ‘प्रभूमध्ये निजला’ ही खालची ओळ मात्र गाळली. त्याची बायको गोजराबाई रडून गेली, तर म्हणाले, “खोटं कसं लिहू, बाई?”

आणि घरात मास्तरांची बायको मंजुळा वीस वर्षं पहिल्याच पायरीवर. सतरंजी ती अंथरायची, चहा ती करायची. साक्षीची वेळ आली की मान खाली.

“अगं, विश्वास ठेवते एवढं म्हण की.”

“म्हणेन हो. पण आत नसला तर? आणू कुठून?”

“मागितला की मिळतो.”

“आणि मागायचं मन? ते कुणी द्यायचं?”

मास्तरांनी याला हट्ट असं नाव देऊन विषय मिटवला.

सदुसष्टच्या थंडीत काविळीने मंजुळा आठ दिवसांत गेली. जाताना एवढंच म्हणाली, “माझ्या क्रुसावर खोटं लिहू नका हं.”

नाव, साल लिहून झालं. मास्तर ब्रश धरून कबरीपाशी बसून राहिले. लिहावं तर खोटं. न लिहावं तर मंजुळा कायमची गेली.

मासळीची रिकामी टोपली घेऊन गोजराबाई आली. मास्तरांना वाटलं, आता ही वचपा काढणार.

“लिवा ना, मास्तर.”

“तिला विश्वास नव्हता, गोजराबाई.”

“नव्हता म्हणून तर माझ्या ओट्यावर बसून रडायची. देव मला का घेत नाय म्हणायची. मास्तर, सुका बोंबील कदी तडफडतो काय? टोपलीत तडफडतं ते जितं असतं. तिच्यात जीव घातल्याबिगर ती रडली कशी?”

जी तडफड मास्तरांनी वीस वर्षं हट्ट म्हणून मोजली, तीच देवाने आधी दिलेली होती. हे एक वाक्य घरातल्या माणसाला सांगायचं राहून गेलं होतं.

ते उठले. आधी झिपरूच्या क्रुसाकडे गेले. “पेंगत का होईना, यायचा,” पुटपुटले आणि ओळ लिहिली. मग मंजुळेच्या क्रुसावर लिहायला बसले. वेळ लागला.

गोजराबाईला वाचता येत नव्हतं. तिने दोन्हीकडे नीट पाहिलं.

“दोघांचं सारखंच लिवलंय ना?”

“सारखंच.”

“मग आमच्याचं सरळ नि तिचं वाकडं कसं?”

मास्तर ब्रश पुसत राहिले. तो कधीच कोरडा झाला होता.