गवतातून आलेलं उत्तर

मी डॉक्टरांच्या खिशातली टॉर्च बोलतेय. जेमतेम पेनाएवढी. झाशीत लक्ष्मी गेटच्या एका दुकानातून डॉक्टर श्रीकृष्णांनी मला घेतलं आणि खंडेराव गेटच्या त्यांच्या दवाखान्यात माझं आयुष्य सुरू झालं. "आ करो बेटा," ते म्हणायचे आणि मी पोरांच्या सुजलेल्या घशात डोकावायची. मला हातात धरायला दिलं की रडकी पोरं गप्प व्हायची.

मग डॉक्टरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, दवाखाना बंद झाला. त्यांच्या पत्नी सरलाबाई ऑपरेशनसाठी मागे लागल्या, तर म्हणाले, "आता काय बघायचं राहिलंय?" इंजेक्शनला घाबरू नका म्हणून जगाला सांगणारा हा माणूस स्वतः काही हलेना. मी टेबलाच्या खणात पडून राहिले. सेल पाझरून माझ्या पोटात पांढरी भुकटी जमली.

गेल्या पावसाळ्यात त्यांची नात नीरजा आली. ती कीटकांचा अभ्यास करते. एरच गावाच्या बाजूला, बेतवा नदीकाठी, दामोदरजी नावाच्या शेतकऱ्याच्या कुरणात ती काजव्यांची पाहणी करत होती.

"आजोबा, नर उडतात, पण गवतातून मादी जवाबच देत नाही. माद्या नसतील तर अगले साल काजवे संपले. आणि दामोदरजी कुरण नांगरणार म्हणतात."

तिथले नर दोनदा झटपट लुकलुकतात, थांबतात, पुन्हा दोनदा. तसाच उजेड दाखवला तर मादी फसून उत्तर देते. पण मोठ्या टॉर्चला ती बिचकते.

डॉक्टरांनी चाचपडत खण उघडला. मला पुसून नवे सेल घातले. नीरजाने माझ्या तोंडावर हिरवा जिलेटिन कागद रबराने बांधला.

दिवेलागणीनंतर आम्ही कुरणात उतरलो. सरलाबाई चहाचा थर्मास घेऊन आल्या होत्या, दामोदरजीही सोबत होते. नीरजाचा ताल सारखा चुकत होता.

"दे इकडे," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या अंगठ्याला माझं बटण सवयीचं. दोनदा दाबायचे, थांबायचे.

"आलं का काही?"

"नाही."

चार पावलं पुढे, पुन्हा तेच. माझा उजेड खोटा आहे हे गवताला कळलं असावं, असं मला वाटायला लागलं.

बांधाजवळ सरलाबाईंनी त्यांचा दंड धरला. "अहो, थांबा. तिथे, खाली. पुन्हा दाबा बरं."

त्यांनी दाबलं. गवताच्या बुडाशी एक हिरवट ठिपका उजळला आणि विझला. पलीकडे अजून एक.

"जवाब दिला, आजोबा," नीरजा हळूच म्हणाली.

"कुठे? मला दिसत नाहीये."

दामोदरजी वाकून ते ठिपके बघत होते. मग म्हणाले, "इस साल नहीं जोतेंगे, डॉक्टर साहब. घास खड़ी रहेगी."

परतताना गाडीत डॉक्टर मला मुठीत धरून बसले होते. झाशी जवळ आल्यावर म्हणाले, "सरला, ऑपरेशनची तारीख घेऊन टाक."

आता दोन्ही डोळे झाले. कुरणातलं गवत पुन्हा गुडघ्याला लागलंय. माझं बटण सैल झालंय, कधी कधी अडतं. नीरजाने नवी टॉर्च मागवली आहे, तरी डॉक्टरांनी खिशात मलाच ठेवलंय. यंदा ते स्वतः बघणार आहेत.

तुम्हीही कधी अशा कुरणाशी पोचलात, तर गाडीचे दिवे मालवा आणि जरा थांबा. आम्ही तिथेच असू, बांधाजवळ.