पारीवरचा नानू

“अवो, रुचिताचा फोन होता. मॅडमच्या गाडीनं लाखनी ओलांडली म्हंते!”

चंद्रकलाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या आणि टिकाराम लांजेवारांच्या हातातला ब्रश जागीच थांबला. मॅडम चार वाजता येणार होत्या. आत्ता कुठे अकरा वाजत होते. समोरच्या जुन्या चित्रातल्या तलावाला नव्यानं दिलेला रंग अजून ओला होता आणि अंगावर कालचाच बनियन होता.

“चार म्हणलं होतं ना?”

“चारले त्याईले नागपूरले पोचाचं आहे, विमान आहे. तुमी आंघोळ तरी करून घ्या.”

“आंघोळ कायची! तू पंखा बंद कर पहिले. कागद उडते.”

“बंदच आहे पंखा. कागद तुमीच हालवून रायले.”

ते खरं होतं. टिकारामांनी ब्रश पाण्यात टाकला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

टिकाराम लांजेवार साकोलीला पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात अनुरेखक होते. अनुरेखक म्हणजे साहेबानं काढलेला नकाशा दुसऱ्या कागदावर जसाच्या तसा उतरवणारा माणूस. आपलं डोकं वापरायचं नाही, हे या नोकरीतलं पहिलं कौशल्य. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली दोन रकाने असतात. वर ‘संकल्पक’, तिथं साहेबांची सही. खाली ‘अनुरेखक’, तिथं टिकारामांची. पस्तीस वर्षांत जिल्ह्यातल्या कितीतरी तलावांच्या पारी त्यांनी काळ्या शाईत उतरवल्या. तलावाचं पाणी अडवणारा मातीचा लांबच लांब बांध, त्याला इकडे पार म्हणतात. मग संगणक आले आणि टिकारामांना आवक-जावक रजिस्टरपाशी बसवलं गेलं. निवृत्तीला आता आठ महिने होते.

पण रविवारी ते घरी वेगळंच काम करत. गावी कोंढ्याच्या शाळेत सातवीत असताना कपाटात त्यांना ‘नानू घड्याळजी’ सापडला होता. भास्कर उंडेगावकर नावाच्या कुणा पुण्याकडच्या लेखकानं लिहिलेली नऊ भागांची मालिका. धोंडेवाडी नावाच्या गावात नानू घड्याळं दुरुस्त करतो आणि लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून देतो, एवढीच गोष्ट. पण टिकाराम तिच्यात जे शिरले ते शिरलेच. प्रत्येक भागाचं पहिलं वाक्य एकच असे: ‘नानू पारावर येऊन बसला आणि गाव बोलायचं थांबलं.’ ते वाक्य वाचलं की आजही त्यांच्या अंगावर काटा येई.

त्याच गोष्टींची चित्रं ते रविवारी काढत: काळ्या शाईत आधी टाकानं बारीक रेघा, त्या वाळल्या की वरून जलरंगाचे पातळ हात. अशी एकशे बारा चित्रं पत्र्याच्या ट्रंकेत साठली होती. चंद्रकलाबाई नानूला सवत म्हणत. रविवारी ताट वाढताना हमखास विचारत, “नानूलेही वाढू काय?” बाकी जगाला या उद्योगाचा पत्ता नव्हता. दिवाळीत लेकीनं, रुचितानं, ट्रंक उघडली, फोनवर फोटो काढले आणि बापाला न विचारता प्रकाशकाला पाठवून दिले. प्रकाशक नऊही भाग नव्यानं काढत होते, चित्रांसकट. आता त्यांच्या संपादक मंजिरी दातार मूळ चित्रं पाहायला येत होत्या. चित्रं पसंत पडली तर पुस्तकावर नाव येणार होतं. आयुष्यात पहिल्यांदा ‘चित्रकार’ या शब्दापुढे.

गाडी दारात थांबली तेव्हा टिकाराम शर्टाचं शेवटचं बटण लावत होते.

मंजिरी दातार चाळिशीच्या, चटपटीत बाई. चहा नको म्हणाल्या, खुर्चीही नको म्हणाल्या, सरळ सतरंजीवर मांडी घालून बसल्या. एकेक चित्र दोन्ही हातांनी उचलून उजेडाकडे धरू लागल्या. घड्याळाच्या पोटातली चाकं, म्हातारीच्या मुठीतली नथ, रेल्वे फलाटावर विसरलेली छत्री.

“काका, ही रेघ तुम्ही हातानं मारलीत? पट्टी न लावता?”

“हव.”

“कमाल आहे हो.”

चंद्रकलाबाईंनी दाराआडून नवऱ्याकडे पाहिलं. टिकाराम जमिनीकडे पाहत होते, पण कान लाल झाले होते.

मग मॅडमनी पहिल्या भागाचं पहिलं चित्र उचललं आणि त्या थांबल्या. दुसऱ्या भागाचं काढलं. तिसऱ्याचं. नऊही काढून त्यांनी सतरंजीवर ओळीनं मांडली. 

“काका, हे पाणी कसलं आहे?”

“तलावाचं.”

“कुठल्या तलावाचं?”

“धोंडेवाडीच्या.”

“पण धोंडेवाडीत तलाव नाहीच. पाचव्या भागात गावात पाण्याचा टँकर येतो, तो चोरीला जातो.”

“येते ना. म्हणून त्या भागात मी तलाव आटवून टाकला. पाहा, तळाची माती फुटली आहे.”

मॅडमना हसू येत होतं की काय कोण जाणे, पण त्यांनी ते गिळलं.

“तलाव आला कुठून पण? पुस्तकात कुठेच नाही.”

“पह्यल्या वाक्यातच आहे. नानू पारावर येऊन बसला.”

“बरोबर. पारावर.”

“हव. मग पारीवरच तं बसवला त्याले.”

 इथंच घोडं पेंड खात होतं आणि दोघांनाही ते एकदमच कळलं. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “काका, पार म्हणजे पिंपळाभोवती बांधलेला दगडी चौथरा. गावातली माणसं संध्याकाळी बसतात तो.”

“थो तं ओटा,” चंद्रकलाबाई दारातून म्हणाल्या. “पार तलावाची रायते. लहान लेकराले विचारा.”

 टिकारामांच्या डोळ्यांपुढे सातवीचा वर्ग आला. ‘मले’ म्हटलं की मास्तर हातावर छडी मारत, ‘मला’ म्हण. ‘काहून’ नाही, ‘का’. पुस्तकात ‘पारावर’ वाचलं तेव्हा त्या पोरानं मनाशी ठरवून टाकलं होतं की आपण ज्याला ‘पारीवर’ म्हणतो त्यालाच शुद्ध भाषेत पारावर म्हणत असतील. पिंपळ तर पारीवरही होता. ‘पाराचे दगड तापले’, तर पारीच्या पाण्याकडच्या उतारावरही दगड बसवलेले होते. फक्त एका ठिकाणी नानू विचार करत पाराला तीन फेऱ्या घालतो, तेव्हा मात्र हा माणूस फारच चालतो बुवा, असं त्यांना वाटलं होतं. चव्वेचाळीस वर्षं! त्यांना इतकी लाज वाटली की उठून परसात जावं आणि मॅडम जाईपर्यंत येऊच नये.

“लेखक असते तं विचारलं असतं,” ते कसंबसं म्हणाले.

“ते जाऊन सहा वर्षं झाली. आणि वाचक मला विचारतील, काका.” मॅडमचा आवाज मऊ होता, पण बोलणं स्पष्ट होतं. “बाकीची चित्रं मला डोळे झाकून हवी आहेत. पण ही नऊ प्रत्येक भागाच्या तोंडाशी येणार. ती चुकीची छापता येत नाहीत आणि एका मालिकेत दोन हात चालत नाहीत. एक तर सगळी तुमची, नाही तर सगळी दुसऱ्याची. दुसऱ्या चित्रकाराचे नमुने गाडीत आहेत, ते तुमच्यापासून लपवत नाही. सोमवारी मला नाव सांगायचंय.”

 टिकारामांनी खोक्यातून अर्धं ब्लेड काढलं. नकाशावर चूक झाली की शाई ब्लेडनं खरवडायची, हा त्यांच्या खात्याचा रिवाज. त्यांनी पहिलं चित्र पुढ्यात ओढलं आणि ब्लेडचं टोक पाण्यावर टेकवलं.

चंद्रकलाबाई दारातून धावत आल्या आणि त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं.

“काय करून रायले तुमी?”

“पाणी काढतो. सोड.”

“नाई सोडत. थे मामाजी आहेत.”

मॅडमना कळेना. चंद्रकलाबाईंनी चित्रातल्या नानूकडे बोट दाखवलं. “हे आमचे मामाजी, यांचे बाबा. कोंढ्याच्या तलावाचं पाणी वाटाचं काम होतं त्याईच्याकडं. रोज संध्याकाळी अस्सेच पारीवर बसत, एक गुडघा वर घेऊन, पाण्याकडं पाहत. मी नवीन नवरी आली तवा पह्यले अस्सेच दिसले होते मले.”

इतक्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. टिकारामांना वाटे, तिनं ती चित्रं नीट पाहिलीच नाहीत. त्यांनी ब्लेड खाली ठेवलं.

“मॅडम, तुमचा पार कसा रायते, थो दाखवा,” ते म्हणाले. “नवीन कागदावर काढतो.”

“मला दोनला निघायला हवं.”

“दोनच्या आत काढतो.”

रुचितानं नागपूरहून आणलेल्या जाड कागदाचा शेवटचा ताव उरला होता. तसा कागद साकोलीत मिळत नव्हता. मॅडमनी फोनवर एका पाराचा फोटो शोधून समोर धरला. टिकारामांनी शिसपेन्सिलीनं गोल आखला, पायऱ्या आखल्या, पिंपळाचं खोड आखलं. मग टाक शाईत बुडवला. साडेबारा झाले. दगडामागून दगड चढू लागला. मॅडम घड्याळाकडे पाहत नव्हत्या, पण मुद्दाम पाहत नाहीत हेही कळत होतं. चंद्रकलाबाई भिंतीला पाठ लावून पुतळ्यासारख्या उभ्या.

एक वाजता टाकातून थेंब पडला. टपोरा, काळाभोर, बरोबर पाराच्या पहिल्या पायरीवर.

“अगं बाई!” मॅडम म्हणाल्या.

“बोलू नका,” टिकाराम म्हणाले. साहेबलोकांशी ते जन्मात असं बोलले नव्हते. त्यांनी टिपकागदाचा कोपरा नुसता टेकवून वरची शाई उचलली. मग हात मागे बांधून वीस मिनिटं ते नुसते बसून राहिले. घाई करणारा अनुरेखक कागद फाडतो. शाई पुरती वाळल्यावर त्यांनी ब्लेड आडवं धरून श्वास रोखून खरवडायला सुरुवात केली. काळ्याचा राखाडी झाला, राखाडीचा पांढरा. उठलेले कागदाचे तंतू नखाच्या पाठीनं घासून गुळगुळीत केले आणि तिथंच पायरीची रेघ ओढली. डाग कुठं होता ते मॅडमना शोधूनही सापडलं नाही.

उरला नानूचा चेहरा. इथं मात्र हात अडला. एक गुडघा वर घेऊन बसलेला माणूस त्यांनी हजार वेळा काढला असेल. पण त्याचे डोळे नेहमी पाण्यावर असत. आता समोर पाणी नव्हतं.

“मॅडम, तुमचा नानू पाहते कुठं?”

मॅडम थोडा विचार करून म्हणाल्या, “गावाकडे. बसलेल्या माणसांकडे.”

टिकारामांनी मान हलवली आणि कुणा परक्या माणसाचा चेहरा काढला. चांगला काढला. हुशार, मिश्किल, लोकांकडे बघणारा. मग घाईनं रंगाचे दोन पातळ हात दिले. दोनला पाच कमी असताना त्यांनी कागद मॅडमपुढे सरकवला.

मंजिरी दातारांनी तो उजेडाकडे धरला. “हाच,” त्या म्हणाल्या. “हाच नानू, काका. अगदी हाच.” आणि त्यांनी पिशवीतून करार काढला. टिकारामांनी ‘चित्रकार’ या शब्दापुढे सही केली. सही वाकडी आली. मॅडमनी एकशे तीन चित्रं आणि ओलसर नवं चित्र नीट बांधून घेतलं. उरलेले आठ पार महिन्याभरात पाठवायचं ठरलं, कागद त्याच पाठवणार होत्या.

“आणि ही जुनी नऊ? देता का? आमच्या संग्रहात ठेवू.”

“नाई,” टिकाराम म्हणाले. “चुकीची आहेत ती.”

गाडी गेली. चंद्रकलाबाईंनी डोळे पुसले, हसल्या, पदर खोचला आणि रुचिताला फोन लावायला आत पळाल्या. टिकारामांना आनंद झाला होता, अगदी खराखुरा. आणि घरातून कुणीतरी कायमचं उठून गेल्यासारखंही वाटत होतं.

ते पुन्हा सतरंजीवर बसले. नऊ चित्रं ओळीनं तशीच होती. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात, सवयीनं, दोन बारीक रकाने. संकल्पक : भा. उंडेगावकर. अनुरेखक : टि. लांजेवार. त्यांनी ब्लेड घेतलं आणि पहिल्या चित्रातलं लेखकाचं नाव खरवडायला लागले. मग खालचं स्वतःचं. कागद नखानं घासला, टाक बुडवला आणि वरच्या रकान्यात सावकाश, सुबक अक्षरात लिहिलं, टि. लांजेवार. खालचा रकाना रिकामा ठेवला.

“ताट वाढलं आहे,” आतून आवाज आला. नानूबद्दलचा नेहमीचा प्रश्न आज आला नाही. टिकाराम त्याची वाट पाहत थोडे थांबले.

“त्यालेही वाढ,” ते म्हणाले आणि त्यांनी दुसरं चित्र पुढ्यात ओढलं.