मागे वळून बघणारा पक्षी

मी बंदूक बोलतेय. दचकू नका, माझ्यात बार नाही. खरं सांगायचं तर जन्मात एकदाच उडाले, तेही कारखान्यात, तपासणीपुरती. बाकी सारं आयुष्य भिंतीवर आणि आता काचेच्या कपाटात.

माझ्या नळीवर कारखान्याच्या मालकाचं नाव आहे. पण चापाजवळच्या पोलादी पट्टीवर पाच पक्षी उडताहेत ना, ते कोरणाऱ्याचं नाव कुठेच नाही. मलाही ते ठाऊक नाही. डाव्या हाताने काम करायचा म्हणून सगळे त्याला 'ए डावऱ्या' म्हणायचे. उस्तादांनी कागदावर काढून दिलेलं चित्र पोलादावर उतरवायचं, एवढंच त्याचं काम. दोन रेघा झाल्या की कीस उडवायला तो हलकी फुंकर घालायचा. पाचव्या पक्ष्याची मान मात्र त्याने आपल्या मनाने मागे वळवली. उस्ताद रागावले, तेव्हा म्हणाला, "मागे कुणी राहिलंय का, ते बघतोय तो." पोलादावरची रेघ खोडता येत नाही, म्हणून ती मान तशीच राहिली.

पुढे एका साहेबांनी मला दिवाणखान्यात टांगलं. पाहुणे आले की 'उस्तादांच्या हातचं काम' म्हणून मिरवायचे आणि दर रविवारी भुकटी लावून घासायचे. घासून घासून चार पक्षी पार पुसट केले हो त्यांनी. कोपऱ्यातला पाचवा तेवढा बोटं पोचत नव्हती म्हणून वाचला. साहेब गेल्यावर मुलगा म्हणाला, ही ब्याद घरात नको. मग मी संग्रहालयात आले.

इथल्या प्रमुखांनी माझ्या पाटीवर उस्तादांचं नाव घालायचं ठरवलं. मोठं नाव असलं की लोक थांबतात म्हणे. ते एकदा छापलं की डावऱ्या कायमचा पुसला जाणार होता, आणि मी कुणाला सांगणार?

पाटी छापण्याआधी कोरीव कामातल्या जाणकार बाई मला तपासायला आल्या. तासभर भिंग लावून बसल्या. मग प्रमुखांना म्हणाल्या, "उस्ताद उजव्या हाताचे. त्यांच्या पंखांच्या रेघा जिकडे झुकतात, त्याच्या उलट या झुकल्यात. आणि त्यांचा एकही पक्षी मागे बघत नाही. असा पक्षी, अशाच रेघा, मी आणखी दोन बंदुकांवर पाहिल्यात. माणूस तोच."

"मग नाव काय लिहू?" प्रमुख वैतागले.

"नाव सापडलेलं नाही. 'डावखुरा कारागीर' असं लिहा."

ज्यावरून त्याला जन्मभर हिणवलं, तेच आता पाटीवर मानाने बसलंय. मला रडू कोसळलं असतं, पण पोलादाला पाणी सोसत नाही. कपाटात ठेवण्याआधी बाईंनी पाचव्या पक्ष्यावरची धूळ उडवायला हलकी फुंकर घातली. किती वर्षांनी! मग काच बंद झाली.

तुमच्या घरी जुनी कोरीव वस्तू असेल, तर घासण्याआधी भिंगाने बघा. मागे वळलेला पक्षी दिसला, आणि तो कोरणाऱ्याचं नाव घरात कुणाला आठवत असलं, तर एवढं येऊन सांगा. मी वाट बघतेय. पाचवाही बघतोय.