भवानीच्या बापाला पाणी

शेषाद्री भटजींनी दर्भ गोळा केले, तिळांची पुडी मिटली, तरी श्रीकर ओंजळ मोडेना.

"झालं रे. ऊठ आता," शेषाद्री म्हणाले. "मागं माणसं उभी आहेत."

तै महिन्यातली अमावास्या होती, पितरांना पाणी द्यायचा मोठा दिवस. तिरुवैयारुच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. आईला जाऊन वर्ष उलटलं होतं आणि त्यानंतरच्या या पहिल्या अमावास्येला श्रीकरनं तिच्या नावानं तीळपाणी सोडलं होतं. भवानी म्हणून. लग्नात तेच नाव ठेवलं होतं तिचं.

"आईचा बाप राहिला," तो म्हणाला.

शेषाद्रींनी मान वर केली. चार पायऱ्या वर, चहावाल्यानं दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर व्यंकोजी बसले होते. नव्वदीला टेकलेले, इस्त्रीचा सदरा, कमरेला पांढरी वेष्टी, कपाळावर गंध.

"आईचा बाप तो काय, बसलाय! जिवंत माणसाला तीळ सोडतात का? खुळा की काय तू?"

"हा आजा नव्हे. तिकडचा."

तिकडचं शेषाद्रींना ठाऊक होतं. जुन्या मराठी राजवाड्यामागच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं? श्रीकरचे वडील सूर्यनारायण शिकायला म्हणून युक्रेनला गेले आणि येताना ओक्सानाला घेऊन आले. मुलगी गोरीपान, उंच, हसरी. पण तिला गोत्र कुठलं? बिनगोत्राच्या मुलीचं कन्यादान करणार कोण? शेवटी व्यंकोजी आणि कमलाक्षी पुढे झाले. त्यांना पोर नव्हतं. त्यांनी तिला मांडीवर बसवून मुलगी करून घेतलं आणि रीतसर दान केलं. तेव्हापासून ती त्यांना अप्पा-अम्मा म्हणायची. नुसती म्हणायची नाही, मानायची. कमलाक्षी गेल्यावर व्यंकोजींचा डबा रोज तिच्या घरून जायचा, तोही ती स्वतः स्कूटीवरून न्यायची.

आणि काय बाई होती ती! मे महिन्यात डोक्यावर ओला पंचा टाकून शाळेत केमिस्ट्री शिकवायची. रिक्षावाल्यांशी तमिळमध्ये अशी भांडायची की ते हसून भाडं सोडायचे. सांबारात बीट घालायची. सासूनं नाक मुरडलं तरी घालायची, आणि शेवटी सासूच मागून खायला लागली. खालमानेनं राहिली ती एकदाच.

तिचा बाप वारल्याची तार आली तेव्हा घरात नणंदेचं लग्न होतं. दारात मांडव, आणि मांडवात व्यंकोजी. मोठ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ठरवून टाकलं. मुलीचा बाप तर इथे जिवंत बसलाय, मग सुतक कसलं? बाप समोर असताना बापासाठी रडणं अशुभ. झालं! जिचा बाप मेला तिला पदर खोचून पंगतीत उभं केलं. तिनं गोडाचं पायसम वाढलं. व्यंकोजींच्या पानावरसुद्धा वाढलं, आणि त्यांनी मान खाली घालून जेवण केलं.

हे तिनं श्रीकरला सांगितलं ते अगदी अखेरीस, दवाखान्यात. त्याआधी दोन वर्षं ती फोनमध्ये डोकं घालून बसायची. युद्धात तिचं गाव गेलं. घर गेलं, शाळा गेली, बापाला पुरलं होतं ती टेकडी सुरुंगांनी भरली. "आता तिथं दिवा लावायलाही कुणी जाणार नाही," ती म्हणाली होती. "तू एकदा पाणी दे रे त्याला. चारचौघांत दे."

"हो" म्हणाला होता तो. दुसरं काय म्हणणार?

"असं नाही चालत, बाबा," शेषाद्री आता हळू आवाजात म्हणाले. "दान झालं तिथंच त्या घराचा धागा तुटला. तुझ्या आईचा बाप एकच, आणि तो हयात आहे. तो असेपर्यंत आईच्या बापाला पाणी नाही. त्यांना विचार. ते काय म्हणतील ते."

विचारायचं! श्रीकरला वाटलं, त्यापेक्षा नदीत उडी मारावी. त्याला सायकल शिकवणारा, त्याच्या मुंजीत मामाच्या जागी उभा राहिलेला हा म्हातारा. त्याला जाऊन सांगायचं, की तुम्ही बाजूला व्हा. तो ओल्या अंगानं पायऱ्या चढला आणि खुर्चीपाशी बसून सांगून मोकळा झाला.

व्यंकोजींनी सगळं ऐकलं.

"इतकी वर्षं मज अप्पा म्हणाली. रोज डबा आणला. तो कुणाला रे? परक्याला?"

"तसं नव्हे, आजा."

"मग कसं? मी मेलो की दे ज्याला द्यायचं त्याला. फार दिवस नाही थांबावं लागणार तुज."

श्रीकरला एकदम राग आला. म्हाताऱ्याचा, शेषाद्रींचा, त्या मांडवातल्या सगळ्यांचा.

"तिला रडू दिलं नाही तुम्ही," तो म्हणाला. "तुमच्या पानावर पायसम वाढत होती ती. तुम्हांला ठाऊक होतं तेव्हा. होतं की नाही?"

आजूबाजूची दोन माणसं वळून पाहू लागली. व्यंकोजी नदीकडे बघत राहिले. खालून कुणीतरी हाक मारली, शेषाद्रींनी हातानंच थांबा म्हटलं.

"नाव काय त्याचं?" व्यंकोजींनी विचारलं.

श्रीकरला आधी समजलंच नाही.

"तिच्या बापाचं. नाव काय?"

तिला मुलगी करून घेतल्यापासून छत्तीस वर्षांत त्यांनी ते विचारलं नव्हतं. घरात कुणीच विचारलं नव्हतं.

"स्तेपान."

"स्तेपान," व्यंकोजी पुटपुटले. मग काठी टेकून उठले. ते घरी निघाले असं वाटून श्रीकरनं वर थांबवलेल्या रिक्षाकडे पाहिलं. पण म्हातारा खाली उतरू लागला. एक पायरी, दुसरी. शेषाद्रींच्या पुढून, बसलेल्या माणसांच्या मधून. पाण्यापाशी त्यांनी काठी ठेवली आणि तसेच आत गेले. इस्त्रीचा सदरा, खिशातला चष्मा, सगळ्यासकट.

"आजा!"

श्रीकर धावला. तो पोचेपर्यंत व्यंकोजींनी नाक धरून बुडी मारली होती. कुणी आपलं गेल्याची बातमी कानावर पडली की आहे त्या कपड्यांनिशी बुडी मारायची, हे त्या घाटावर कुणाला सांगावं लागत नव्हतं. शेषाद्री उठून उभे राहिले.

व्यंकोजी वर आले. गंध धुऊन गेलं होतं, दात वाजत होते. श्रीकरनं त्यांचा दंड धरला, तर त्यांनी तो सोडवून घेतला.

"आत्ता कळलं ना मज," ते म्हणाले. "जा, पाणी दे तुझ्या आजाला."

शेषाद्रींनी पुडी पुन्हा उघडली. "गोत्र?" त्यांनी विचारलं.

"नाही ठाऊक."

"मग काश्यप म्हण. गोत्र ठाऊक नसलं की तेच."

श्रीकरनं ओंजळ धरली. कमरेइतक्या पाण्यात व्यंकोजी, जणू ते तिथं नव्हतेच असे, दोघांकडे पाठ करून उभे राहिले, आणि नाव घेऊन होईपर्यंत वळले नाहीत.